‘इन द हीट ऑफ द नाइट’ चारचौघांना दाखवायचा असेल तर

आमच्या वाचनालयाच्या माडीवर मी अधूनमधून सिनेमे दाखवते. १९६७ सालचा हा चित्रपट लावला की वाद हमखास रंगतो. फक्त तो नीट लावायला हवा.

टीव्हीवर दाखवणार असाल तर रंग भडक करणारा ‘व्हिव्हिड’ मोड आधी बंद करा, खिडक्यांना चादरी लावा. छायाचित्रकार हॅस्केल वेक्सलरने नायक झालेल्या कृष्णवर्णीय सिडनी पॉटिएच्या सावळ्या वर्णाचा विचार करून प्रकाश बेतला होता. त्या काळच्या रंगीत हॉलिवूडपटांत असं क्वचितच घडे. ब्राइटनेस वाढवलात की ती सगळी मेहनत वाया.

सुरुवातीला भाषण ठोकू नका. एवढंच सांगा: अमेरिकेत कृष्णवर्णीयांना समान वागणूक देणारा नागरी हक्कांचा कायदा १९६४चा, मतदानाच्या हक्काचा १९६५चा, आणि ही गोष्ट घडते दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यातल्या स्पार्टा गावात, जिथे कायदा अजून कागदावरच आहे. मग हळूच सांगा की चित्रीकरण बहुतांशी उत्तरेत, इलिनॉय राज्यात झालं. दक्षिणेत जायला पॉटिए राजी नव्हता; १९६४मध्ये मिसिसिपीत त्याच्या आणि गायक हॅरी बेलाफोंटेच्या गाडीचा पाठलाग झाला होता. हे ऐकून मागची मोबाइलवाली पोरंही मान वर करतात.

कथानक अजिबात सांगू नका. गावात कारखाना काढायला आलेल्या धनिकाचा खून होतो, स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेला कृष्णवर्णीय माणूस पकडला जातो, आणि तो निघतो फिलाडेल्फियाचा पोलीस, व्हर्जिल टिब्ज. बास. खुनी कोण हे ओरडून सांगणारा एक तरी असतोच, त्याला आपल्या शेजारी बसवा.

प्रेक्षकांना एकच काम द्या: हातांवर लक्ष ठेवा. गोऱ्या माणसाचं प्रेत तपासणारे टिब्जचे हात बघा. टिब्जनंतर पकडला जाणारा संशयित डावखुरा आहे, हे त्याला कसं कळतं ते बघा. आणि मग गावातला बडा गोरा मळेवाला एन्डिकॉट, त्याच्या काचघरातली ती थप्पड. एन्डिकॉट मारतो, टिब्ज त्याच क्षणी परत मारतो. तिथे चुकूनही पॉज करू नका, खोलीत जो काय आवाज उठेल तो उठू द्या. सिनेमा संपल्यावर तेवढा भाग पुन्हा लावा आणि या खेपेला सरबताचा ट्रे धरून उभा असलेला नोकर बघायला सांगा. पहिल्यांदा तो कुणालाच दिसलेला नसतो.

पगाराचा प्रसंगही सोडू नका. टिब्ज आठवड्याला १६२ डॉलर ३९ सेंट मिळवतो, हे ऐकताना पोलीसप्रमुख झालेल्या रॉड स्टायगरचा चेहरा बघण्यासारखा आहे.

चर्चेला माझा ठरलेला प्रश्न: टिब्ज एन्डिकॉटच्या मागे लागतो तो पुराव्यामुळे की रागामुळे? तो हुशार आहे, सज्जन आहे, म्हणून त्याला सूट देऊ नका, चित्रपटही देत नाही. ऑस्करचा विषय निघणारच. पाच मिळाले, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं आणि स्टायगरला अभिनयाचं; पॉटिएला साधं नामांकनही नव्हतं. हे मात्र चर्चेच्या शेवटीच सांगा. आधी सांगितलंत तर टिब्जच्या रागाबद्दल कुणी बोलतच नाही.