नववीच्या वर्गात लिंगओळख आणि न्यायातला भेदभाव: मी हा तास कसा घेते

‘लिंगओळख म्हणजे काय?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. मी एकदा केली होती. मागच्या बाकांवर हसू फुटलं, पुढच्या मुलींनी माना खाली घातल्या आणि पस्तीस मिनिटं हातची गेली. आता मी पंचवटीतल्या आमच्या शाळेत फळ्यावर फक्त एक साल लिहिते: १८७१.

त्या वर्षी इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. हे काही मुलांनी ऐकलेलं असतं. त्याच कायद्याचा दुसरा भाग मात्र कुणालाच ठाऊक नसतो. त्यात हिजड्यांची नोंदवही ठेवायची तरतूद होती. नोंद झालेली व्यक्ती रस्त्यावर बाईच्या कपड्यांत दिसली किंवा नाचली-गायली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. दोन विषय जोडायला आपल्याला वेगळा खटाटोप करावा लागत नाही, कायद्यानेच ते एका कागदावर आणून ठेवलेत.

या कलमांचा सोपा मराठी मजकूर एका पानावर लिहून झेरॉक्स काढा, दोघांत एक पान द्या. सांगा, ‘माणसाने केलेला गुन्हा जिथे दिसेल तिथे लाल पेनने रेघ मारा.’ मग गप्प बसा. पेन कागदावर फिरत राहतं, टेकत नाही. गेल्या वर्षी पेठ तालुक्यातून आलेल्या एका मुलाने ‘बाईचे कपडे’ या शब्दांखाली अर्धी रेघ मारली आणि हात थांबवला. म्हणाला, ‘बाई, आमच्या बोहाड्यात माणसं बाईची सोंगं घेतात. त्यांनाही धरलं असतं?’ मी म्हटलं, नोंदवहीत नाव असेल तरच. एकाला टाळ्या, दुसऱ्याला तुरुंग, कपडे तेच. त्यानंतर मला फारसं बोलावं लागलं नाही.

असा प्रश्न वर्गातून येईपर्यंत थांबा. आपण आधी उत्तर दिलं की मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि विसरतात.

मुलं अमेरिकेत पोलिसाने गुडघ्याखाली दाबून मारलेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडचं २०२० मधलं उदाहरण पटकन देतात, मोबाइलवर पाहिलेलं असतं. बोलू द्या, पण दहा मिनिटांत आवरा. लांबचा अन्याय ओळखणं सोपं असतं. कुणीतरी म्हणतंच, ‘आपल्याकडे असलं काही नाही.’ मग काळाराम मंदिराचं नाव काढा. २ मार्च १९३० ला तिथे सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. रोज त्या दारावरून सायकल नेणारी मुलं हे ऐकून एकमेकांकडे बघतात.

दुसऱ्या तासाला आजचा काळ घ्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, संशय गेला नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्यातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना निर्दोष सोडलं. आधी त्यांना फाशी सुनावली होती, सोळा वर्षं तुरुंगात गेली होती, त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. इथे माझा वर्ग नेहमी शांत होतो, कारण अल्पवयीन म्हणजे त्यांच्याच वयाचा. ३ ऑक्टोबर २०२४ ला त्याच न्यायालयाने तुरुंगात जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. त्याआधी १५ एप्रिल २०१४ च्या निकालात त्याच न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तीला आपली ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही असं सांगितलं. हे निकाल तारखांसकट सांगा, घरी वाद झाला तर मुलांच्या हाती काहीतरी हवं.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी वर्गात एक पारधी मुलगा होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘तू सांग, तुमच्याकडे पोलीस कसे वागतात?’ तो उभा राहिला, बोलला नाही. पुढचे चार दिवस शाळेत आला नाही. मी घरी जाऊन माफी मागितली, पण ती चौतीस डोक्यांची वळलेली नजर मला परत घेता आली नाही. वर्गातल्या कुठल्याही मुलाला उदाहरण बनवू नका, कौतुकानेही नाही. मुलींसारखं चालतो म्हणून ज्याला चिडवतात त्याच्याकडे त्या तासाला बघूसुद्धा नका.

‘छक्का’ हा शब्द शिवी म्हणून आला की मी शिकवणं थांबवते, ओरडत नाही. तृतीयपंथी, पारलिंगी हे शब्द फळ्यावर लिहिते आणि सांगते, समोरची व्यक्ती स्वतःला जे म्हणवते तेच म्हणायचं.

शेवटची पाच मिनिटं चिठ्ठ्यांची. नाव नाही, पण लिहायचं सगळ्यांनी. सांगण्यासारखं काही नसेल त्याने शाळेचा पत्ता लिहायचा, म्हणजे सगळी पेनं चालतात आणि कोण मनातलं लिहितंय ते शेजाऱ्याला कळत नाही. चिठ्ठ्यांचा डबा घरी नेऊन वाचा, वर्गात कधीच नाही.

कुणी तासानंतर रेंगाळलं तर ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पोक्सो कायद्याने कळवणं आपल्याला बंधनकारक आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मुलालाही माहीत हवा. पण मूल फक्त स्वतःच्या लिंगओळखीबद्दल सांगत असेल, तर त्याला विचारल्याशिवाय आईवडिलांना फोन लावू नका. त्याला बसायला सांगा, पाणी द्या आणि ऐका. पुढचा तास दुसऱ्या बाईंना घ्यायला सांगता येतो.