मृग लागतोय, कोशांच्या माळा खाली उतरवा

रोहिणी सरत आल्या. आरमोरी, नागभीड, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात ज्यांच्या घरी टसरचे, म्हणजे झाडावर वाढणाऱ्या रानरेशमाच्या किड्याचे, बीजकोष (पुढच्या पिकाच्या बियाण्यासाठी राखलेले कोसे) आढ्याला टांगलेले आहेत, त्यांनी या आठवड्यात माळा खाली उतरवून एकेक कोसा हातात घ्यावा. कानाजवळ नेऊन हलकेच हलवावा. आतला जीव शाबूत असेल तर कोसा हाताला जड लागतो आणि आवाज भरीव येतो. हलका लागला, वाळल्या शेंगेसारखा खुळखुळला, तर तो गेला समजा. असे कोसे आजच वेगळे काढा. मेलेला आणि जिवंत कोसा एका माळेत ठेवला तर रोग पसरायला वाट मिळते.

दिवाळीनंतर टांगलेला हा कोसा पाच-सहा महिने झोपलेला असतो. थंडी गेली, उन्हाळा गेला, आतल्या जिवाने ना काही खाल्लं ना प्यायलं. पहिल्या पावसाची ओल हवेत आली की तो जागा होतो. मात्र मे महिन्यात एखादी वळवाची सर पडली आणि मागून पुन्हा कडक ऊन तापलं, तर काही पाखरं अवेळीच बाहेर येतात. झाडावर कोवळा पाला नाही, जोडीला नर नाही, असं ते बी फुकट जातं. म्हणून माळा पत्र्याखाली ठेवूच नका. गवताचं किंवा कौलाचं छप्पर, दोन्हीकडून वारा, दुपारी जमिनीवर पाण्याचा शिडकावा आणि दारा-खिडकीला ओलं पोतं, एवढं तरी हवंच. देठ वर राहील अशी माळ बांधा, कारण पाखरू देठाच्या बाजूनेच निघतं.

पाखरू निघतं ते संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास. कोशाच्या टोकाला ओला डाग दिसला की समजावं, आज निघणार. पाखराच्या तोंडातून एक रस झरतो, त्याने तिथलं रेशीम सैल पडतं आणि ते डोकं खुपसून बाहेर येतं. पंख तेव्हा भिजल्या कापडासारखे चुरगळलेले असतात. माळेला लोंबकळत ते हळूहळू पसरतात. या वेळी हात लावू नका. पंख अर्धवट राहिलेलं पाखरू पुढे कामाचं नाही. नर बहुधा तांबूस, मादी पिवळसर-राखाडी आणि पोटाने जाड. चारही पंखांवर काचेसारखा एकेक गोल डोळा. या पाखराला खाण्यापुरतं तोंडच नसतं. अळीपणी जे खाऊन ठेवलं त्यावर आठवडाभर जगायचं, जोडी जुळवायची, अंडी घालायची, संपलं.

रात्री जोड्या लागतात. सकाळी सोडवून प्रत्येक मादी वेगळ्या दोन्यात किंवा पिशवीत ठेवा. एक मादी, एक दोना. यात कंटाळा करू नका, कारण पुढची तपासणी यावरच उभी आहे.

टसरचं पीक अंड्यातच हातात येतं किंवा अंड्यातच जातं, हे मी अनुभवाने सांगतो. पेब्रीन हा रोग आईकडून अंड्यात उतरतो. अळी निघते, पंधरा दिवस खाते, मग लहान-मोठी दिसायला लागते आणि कोसा करायच्या वेळी झाडावर काहीच उरत नाही. त्याला औषध नाही. उपाय एकच: अंडी घालून झाल्यावर मादीचं पोट कुटून त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ६०० पट मोठा करून पाहायचा. तांदळासारखे लांबट गोल चमकते कण दिसले की त्या मादीची सगळी अंडी जाळायची. तुतीच्या रेशमावर हाच रोग फ्रान्समध्ये पडला होता, तेव्हा १८६५ पासून पुढची काही वर्षं खपून लुई पाश्चर यांनी ही आई तपासण्याची रीत बसवली. आजही त्याहून चांगलं काही सापडलेलं नाही. एका वर्षी मी ओळखीच्या माणसाकडून बिनतपासणीचे अंडीपुंज (एका मादीची अंडी म्हणजे एक पुंज) घेतले. स्वस्त पडले म्हणून घेतले. कोसे हातात आले ते टोपलीच्या तळाशी मावतील एवढे. तेव्हापासून तपासलेल्या रोगमुक्त अंडीपुंजाशिवाय मी झाडाला हात लावत नाही. रेशीम कार्यालयाकडे किंवा बीज केंद्राकडे मागणी आत्ताच नोंदवा. आर्द्रात धावपळ करून बी मिळत नाही. घरचं बी असेल तर माद्या तपासून द्यायची विनंती करा.

अंडी आठव्या-नवव्या दिवशी फुटतात, तीही सकाळी. एका मादीची साधारण दोनशे अंडी. त्यातून चाळीस-पन्नास कोसे हाती आले तर पीक चांगलं म्हणायचं. बाकीचं पक्षी, मुंगळे, रोग आणि पाऊस नेतो. हे नुकसान बहुतेक पहिल्या दोन कातींच्या आत होतं. तेव्हा लहान अळ्या एकदम रानात सोडू नका. बांधावरच्या किंवा घराजवळच्या बुटक्या येनाच्या (ऐनाच्या) किंवा अर्जुनाच्या झाडाला नायलॉनची जाळी घालून दुसरी कात टाकेपर्यंत तिथेच वाढवा. आधी झाडावरची मुंगळ्यांची, पानं शिवलेली घरटी काढा. झाडाखाली एक भाग ब्लीचिंग पावडर, नऊ भाग चुना असं मिश्रण टाका.

आणि इथेच आपल्याकडची खरी अडचण येते. अळीचे हे नाजूक दिवस नेमके धानाच्या रोवणीत (लावणीत) पडतात. घरची सगळी माणसं बांधीत (धानाच्या शेतात) वाकलेली आणि रानात राखणीला कोणी नाही. दोन-तीन घरांनी मिळून एक राखण्या ठेवा, त्याची मजुरी वाटून घ्या. दुसरं म्हणजे धानावरची फवारणी. वारा झाडांकडे असेल त्या दिवशी पंप उचलू नका आणि शेजारच्या बांधीवाल्यालाही आधीच सांगून ठेवा. औषधाचा नुसता वास लागलेला पालाही अळी मारतो.

झडी लागली की अळ्या पानाखाली चिकटून बसतात. खाणं कमी होतं, ते चालतं. पण एका फांदीवर गर्दी असेल आणि पाला संपत आला असेल तर पावसातही हलवाव्या लागतील. बोटांनी ओढू नका, पाय तुटतात. अळीसकट डहाळी कापून नव्या झाडाला बांधा, ती आपली चढून जाते. कात टाकायला स्थिर बसलेली अळी मात्र जागची हलवूच नका. एकूण चार काती, महिना-सव्वा महिन्याचं आयुष्य. शेवटच्या अवस्थेत ही हिरवी अळी बोटाहून जाड होते आणि अंगाच्या बाजूने चांदीच्या टिकल्या चमकतात. उलटी लोंबकळून पाणी सुटलेली अळी दिसली तर चिमट्याने काढून चुन्यात पुरा, खाली पडू देऊ नका. अंगावर काळा ठिपका असलेली अळी उझी माशीने, म्हणजे अळीवर अंडी घालणाऱ्या माशीने, गाठलेली असते. तीही काढा.

आपल्याकडची ढिवर समाजातली जुनी, कोसा पाळणारी माणसं किडा झाडावर असेपर्यंत सोवळं पाळायची, हातपाय धुतल्याशिवाय झाडाजवळ जायची नाहीत. त्यातली स्वच्छता सोडू नका.

आफ्रिकेच्या दक्षिणेत, बोट्सवाना-नामिबियाकडच्या कलहारीत, गोनोमेटा नावाचं रानरेशमाचं पाखरू आहे. त्याच्या अळ्या बाभळीच्या जातीच्या काटेरी झाडांवर वाढतात. तिथे लोक पाळत नाहीत, रानातून कोसे वेचतात. एखाद्या वर्षी झाडं लगडतात, मग काही वर्षं शोधूनही मिळत नाहीत. त्या भरवशावर सुताचा धंदा चालवणं तिथे फार जड जातं. आपल्या टसरचं पाखरू सह्याद्रीपासून झारखंड-ओडिशापर्यंतच्या रानात आहे आणि आपल्याकडे बीही आहे, पाळायची रीतही आहे. तरी रानातला कोसा दिसला की सरसकट तोडू नका. जंगलातलं बी टिकलं तर घरच्या बीला बळ मिळतं.

कोसा करायच्या आधी अळी दोन-तीन पानं ओढून झोळी करते, काडीभोवती रेशमाची अंगठी वळते, त्याला देठ लावते आणि मगच कोसा विणते. वारा-पावसात तो पडत नाही तो या अंगठीमुळे. विणायला लागल्यापासून सात-आठ दिवस थांबा, आतला जीव घट्ट झाल्यावर डहाळीसकट तोडा. पोळ्याच्या आगेमागे हे काम येईल. सगळे कोसे विकू नका. दुसऱ्या पिकाला पूर्वा-उत्तरात पाखरं लागतील. मोठे, कडक, एकसारख्या रंगाचे कोसे त्यासाठी बाजूला काढा. पाखरू निघून गेलेला भोकाचा कोसाही उकिरड्यावर टाकू नका. त्याचा अखंड धागा निघत नाही, पण हाताने कातून जाड सूत होतं. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावकडच्या विणकरांशी बोलून ठेवा.