अपडेटच्या डाउनलोडची वेळ लावताना या चुका टाळा

विंडोज ११ मध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' सकाळी आठ ते रात्री अकरा असे लावले, तरी भरदुपारी अपडेट उतरायला लागतं आणि हॉटस्पॉटचा दिवसाचा डेटा संपतो. ही तक्रार घरोघरी आहे. ॲक्टिव्ह अवर्स फक्त रीस्टार्ट थोपवतात, डाउनलोड नाही. ते जास्तीत जास्त १८ तासांचे लावता येतात आणि तेवढा वेळ कॉम्प्युटर आपणहून बंद-चालू होत नाही, इतकंच. होम आवृत्तीच्या सेटिंग्जमध्ये 'डाउनलोड अमुक वाजता कर' अशी सोयच नाही. म्हणून आवर घालायचा तो कनेक्शनला.

हॉटस्पॉट जोडलेलं असताना वाय-फायच्या सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा आणि 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे डेटा मोजून वापरायचं कनेक्शन) चालू करा. मग बहुतेक अपडेट तुम्ही डाउनलोडचं बटण दाबेपर्यंत थांबून राहतात. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये मीटर्ड कनेक्शनवरून डाउनलोड करू देणारा पर्याय असतो, तो बंद आहे ना, तेही बघा. 'मीटर्ड'ची ही खूण प्रत्येक नेटवर्कला वेगळी लागते. घरी ब्रॉडबँड असेल तर त्याला ती लावू नका.

खरी काळजी पुढच्या चुकीची वाटते: मीटर्ड करून विसरून जाणं, किंवा अपडेट काही दिवस थांबवणारा 'पॉज' पुन्हा पुन्हा वाढवत राहणं. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा घातक प्रोग्राम १२ मे २०१७ ला पसरला, पण ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती. मायक्रोसॉफ्टची मुख्य सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते. नेट फक्त मोबाइलचं असेल, तर त्याच आठवड्यात एका रात्री झोपण्यापूर्वी उरलेल्या डेटावर डाउनलोड लावा. ते मध्येच तुटलं तरी सहसा राहिलं तिथूनच पुढे सुरू होतं.

ब्रॉडबँडवर व्हिडिओ कॉल अडखळत असेल, तर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये मागे चालणाऱ्या डाउनलोडचा वेग कमी करून ठेवा. अपडेट बंद करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

रात्री कॉम्प्युटर पूर्ण बंद करून सकाळी अपडेट तयार मिळेल, ही आशाही सोडा. बंद मशीन काही उतरवत नाही. शिवाय 'फास्ट स्टार्टअप' (कॉम्प्युटर लवकर चालू व्हावा म्हणून तो पूर्ण बंद न करणारी सोय) चालू असेल, तर नुसतं शटडाउन केल्याने काही अपडेट पूर्ण बसतच नाहीत. रीस्टार्टच करावं लागतं. वीज जाण्याचा नेम नसेल तिथे लॅपटॉप चार्जरला लावून आणि बॅटरी भरलेली असतानाच ते करा.

डाउनलोड एकाच टक्क्यावर अडलं, तर आधी सी ड्राइव्हमधली मोकळी जागा बघा. जागा असेल तर रीस्टार्ट करा, आणि तरीही हललं नाही तर सेटिंग्जमधला विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर, म्हणजे बिघाड शोधणारी सोय, चालवा.