फिन्निश युद्धपटातल्या बंदुका ओळखताना या चुका टाळा

‘फिन्निश सैनिकाच्या हातात चक्क रशियन लाइट मशीनगन! एवढा खर्च केला आणि एक बंदूक धड आणता आली नाही?’ हे वाक्य माझंच आहे. एक फिन्निश युद्धपट अर्धा बघून झाल्यावर मोठ्या तोऱ्यात मित्रांना पाठवलं होतं. सिनेमाचं बरोबर होतं, चुकलो होतो मी. तेव्हापासून युद्धपट थांबवून थांबवून बघायची सवय लागली आणि घरच्यांनी माझ्याबरोबर बसणं सोडलं. नंतर लक्षात आलं की या सिनेमांमध्ये जेवढ्या चुका असतात, त्याहून जास्त त्या काढणाऱ्यांच्या असतात.

साल न बघता बोट ठेवणं

फिनलंड दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक नव्हे, तीन युद्धं लढलं. पहिलं हिवाळी युद्ध, ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४०, एकूण १०५ दिवस. दुसरं जून १९४१ ते सप्टेंबर १९४४. ही दोन्ही सोव्हिएत संघाशी. तिसरं फिनलंडच्या उत्तरेकडच्या लॅपलंडमध्ये, जर्मनांविरुद्ध. पेक्का पारिक्का यांचा १९८९ चा सिनेमा ‘तल्विसोता’, म्हणजे ‘हिवाळी युद्ध’, पहिल्या युद्धाचा. व्हाइनो लिन्ना यांच्या १९५४ च्या कादंबरीवरचा ‘तुंतेमातोन सोतिलास’, म्हणजे ‘अज्ञात सैनिक’, दुसऱ्या युद्धाचा. आणि तो १९५५, १९८५ व २०१७ असा तीनदा पडद्यावर आला आहे. कुठलं युद्ध हे आधी ठरवा, बंदूक नंतर.

हिवाळी युद्धाच्या प्रसंगात सोव्हिएत पीपीएसएच-४१ सबमशीनगन (पिस्तुलाच्या गोळ्या सलग झाडणारी छोटी बंदूक) दिसली, तर ती खरी चूक. नावातच ४१ आहे. सोव्हिएत टी-३४ रणगाडा दिसला, तरी ती चूकच. त्या हिवाळ्यात आले ते टी-२६, बीटी आणि टी-२८. खांद्याखाली धरून रणगाडा फोडणारी जर्मन पॅन्झरफाउस्ट फिनलंडला मिळाली ती १९४४ मध्ये. १९४१ च्या प्रसंगात ती कुणाच्या हातात असेल, तर खुशाल नावं ठेवा.

शत्रूची बंदूक दिसली की ‘चूक सापडली’ म्हणणं

माझी चूक हीच. फिन्निश सैन्याकडे स्वतःची लाइट मशीनगन होती, लाहती-सालोरांता एम/२६. मॅगझीनमध्ये जेमतेम २० गोळ्या, आतली यंत्रणा नाजूक, आणि कडाक्याच्या थंडीत हमखास अडकणारी. समोरच्याकडे होती देग्त्यारेव डीपी. वर चपटी गोल तबकडी, तिच्यात ४७ गोळ्या, सुटे भाग कमी. हाती लागेल ती डीपी फिन्निश सैनिकांनी ठेवून घेतली आणि तिला लाडाचं नाव दिलं, एम्मा. गोळ्या सुटतात तशी वरची तबकडी ग्रामोफोनच्या रेकॉर्डसारखी फिरत जाते, आणि त्या काळी ‘एम्मा’ नावाचं एक वॉल्ट्झ गाणं सगळ्यांच्या तोंडी होतं. १९४१ नंतरच्या प्रसंगात फिन्निश सैनिकाच्या खांद्यावर डीपी दिसली, तर अभ्यास चांगला झालाय असं समजा. शंका घ्यायचीच असेल, तर युद्धाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडे एम्मा दिसली तेव्हा घ्या.

सुओमी आणि पीपीएसएच यांची सरमिसळ

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, कारण फिन्निश सुओमी आणि सोव्हिएत पीपीएसएच या दोन्ही सबमशीनगनच्या पोटाखाली गोळ्यांचा गोल ड्रम असतो आणि त्यावरच लोक निकाल देतात. वर एक ठरलेलं वाक्य येतं, ‘फिनलंडने रशियाची नक्कल केली.’ झालं ते उलटं. फिन्निश बंदूकरचनाकार आइमो लाहती यांची सुओमी केपी/-३१ सैन्यात आली १९३१ मध्ये, पीपीएसएच त्यानंतर दहा वर्षांनी. पीपीएसएचच्या ७१ गोळ्यांच्या ड्रमचं मूळ सुओमीच्या ड्रममध्येच आहे. हिवाळी युद्धात मार खाल्ल्यावर सोव्हिएत बाजूला सबमशीनगनची किंमत कळली.

ओळखायचं कसं? चित्र थांबवा आणि ड्रम सोडून मागे बघा. सुओमीचा खेचायचा दांडा बंदुकीच्या पार मागच्या टोकाला असतो, आणि गोळीबार चालू असताना तो जागचा हलत नाही. पीपीएसएचचा दांडा उजव्या कुशीत असतो आणि प्रत्येक गोळीबरोबर मागेपुढे धावतो. मग पुढचं टोक बघा. पीपीएसएचवर पत्र्याचं दाबून केलेलं आवरण नळीच्याही पुढे गेलेलं असतं आणि तिरकं कापलेलं असतं. सुओमी म्हणजे अख्ख्या पोलादातून कोरून काढलेलं काम. महाग, वेळखाऊ आणि जड. रिकामी साडेचार किलोंच्या वर, भरलेल्या ड्रमसकट सातच्या आसपास. नट ती काठीसारखी एका हातात फिरवत असेल, तर हातात रबरी नक्कल असण्याची शक्यता बरीच.

इथे एक फसगत आहे. १९४२ पासून सुओमीच्या काही बंदुकांना नळीच्या तोंडाशी झटका कमी करणारा जोड बसवला गेला. ‘एसजेआर’ म्हणून ओळखली जाणारी ही सुओमी लांबून बघितली की पुढच्या टोकावरून पीपीएसएच वाटू शकते. म्हणून मागचा दांडा आधी.

आणि सेकंद मोजा. सुओमी मिनिटाला साधारण ९०० गोळ्या झाडते, म्हणजे पूर्ण भरलेला ड्रम पाच सेकंदांच्या आत रिकामा. ड्रम न बदलता कुणी पंधरा सेकंद सलग झाडत राहिला, तर ती चूक निःसंशय सिनेमाची. तसंच, हिवाळी युद्ध सुरू झालं तेव्हा सैन्याकडे सुओमी ४,००० च्या आसपासच होत्या. पलटणीतला प्रत्येक जण ती घेऊन धावताना दिसला, तर ती पोस्टरची हौस. बहुतेकांच्या हातात रायफल होती.

सगळ्याच रायफली ‘रशियन’ ठरवणं

आपल्याकडे एनसीसी केलेला माणूस लाकडी दस्त्याची रायफल दिसली की ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून मोकळा होतो. तिचा बोल्टचा दांडा खाली वाकलेला, बोटांच्या जवळ असतो. या सिनेमांतल्या, मूळच्या रशियन मोसिन-नागांत रायफलींचा दांडा सहसा सरळ आडवा बाहेर येतो आणि आत पाचच गोळ्या मावतात.

मोसिन म्हटलं की रशियन, हे अर्धंच खरं. १९१७-१८ मध्ये झारच्या सैन्याच्या पुष्कळ रायफली फिनलंडमध्ये राहिल्या. फिनलंडने त्यांचा मधला सांगाडा वापरला आणि नळ्या, दस्ते, नेम धरायची साधनं स्वतःची बसवली. एम/२७, एम/२८ आणि एम/२८-३० यांच्या नळीच्या टोकाशी दोन उभे कान असतात, म्हणून सैनिक त्यांना ‘पिस्तिकोर्वा’ म्हणायचे. पिस्तिकोर्वा म्हणजे उभ्या कानांचा कुत्रा. आपल्या घराघरांतल्या पॉमेरेनियनचाच भाऊबंद. कान दिसले की रायफल फिन्निश. जुन्या एम/९१ ला ते नसतात, पण तीही फिन्निश हातांत भरपूर होती, म्हणून कान नाहीत एवढ्यावरून काही ठरत नाही. ‘उक्को-पेक्का’ या टोपणनावाची एम/३९ मात्र नावात ३९ असूनही हिवाळी युद्धाला उशिरा पोचली. इथे आकडा बघून गेलात की फसलात.

रायफलीवर चौकटीत ‘एसए’ अशी फिन्निश सैन्याची मोहर दिसली, तर ती १९४२ नंतरची. पडद्यावर १९३९ चालू असेल, तर तांत्रिक चूक आहेच. पण सिनेमासाठी खऱ्या जुन्या बंदुका वापरल्या की त्यांच्या अंगावरच्या नंतरच्या खुणा घासून काढायला कोण तयार होईल? मी तरी हे सोडून देतो.

सबटायटलवर विसंबणं

इंग्रजी सबटायटलमध्ये सगळंच ‘मशीनगन’ होऊ शकतं. त्यापेक्षा कान द्या. ‘कोनेकिव्हॅरी’ म्हणजे खरी जड मशीनगन, ‘पिकाकिव्हॅरी’ म्हणजे लाइट मशीनगन, ‘कोनेपिस्तोली’ म्हणजे सुओमीसारखी सबमशीनगन आणि नुसतं ‘किव्हॅरी’ म्हणजे रायफल. लिन्नांच्या कादंबरीतली तुकडी कोनेकिव्हॅरी कंपनी आहे, म्हणून ती माणसं सारखी काहीतरी अवजड ओढत असतात: पाण्याने थंड होणारी मॅक्झिम, तिपाईसकट ५० किलोंच्या घरात. मॅक्झिम तिपाईवर दिसली तर बहुधा फिन्निश, चाकांच्या गाड्यावर दिसली तर सोव्हिएत.

पिस्तुलाचं थोडक्यात. अधिकाऱ्याच्या हातात लुगर या जर्मन पिस्तुलासारखं काही दिसलं की ते जर्मनच समजू नका. बाह्यरूप तसंच असलेलं लाहती एल-३५ फिन्निश आहे. लुगरच्या पाठीवर गुडघ्यासारखा वर मुडपणारा सांधा असतो, लाहतीला तो नसतो.

आणि दुर्बीण. स्नायपर म्हटला की रायफलीवर दुर्बीण हवीच, असं धरून सिमो हायहा या फिन्निश नेमबाजाच्या चित्रणात चूक काढणारे भेटतात. ५०० हून अधिक बळी ज्याच्या नावावर सांगतात, तो एम/२८-३० वर साध्या उघड्या नेमाने मारायचा. दुर्बिणीतून बघायला डोकं वर काढावं लागतं, शिवाय थंडीत काच धुरकटते आणि उन्हात चमकते. दुर्बीण दाखवली असती, तर चूक तिथे झाली असती.