टीसीएल टाकूनही गावात जुलाब? या चुका टाळा

पावसाळ्यात विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लिचिंग पावडर, पडते, तरी जुलाबाची साथ येतेच. मग पावडर वाढवली जाते. त्याआधी विहिरीच्या आसपास एक फेरी मारा.

सर्वांत महागात पडणारी चूक शौचालयाच्या खड्ड्यात असते. ‘एकदाच खोल खणू, भरायची कटकट नको’ म्हणून पंधरा-वीस फूट खणतात. वर्षानुवर्षं खड्डा भरत नाही म्हणून घरचे खूश असतात. पण घाण पाणी खाली मुरत असतं. आपला काळा कातळ भेगाळलेला, कोकणातला जांभा सच्छिद्र. मातीत पाणी गाळलं जातं, भेगेतून ते थेट झऱ्याला मिळतं. म्हणून शोषखड्डे दोन घ्या, तीन-चार फूटच खोल, विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. एक भरला की दुसरा सुरू करा. बंद खड्ड्यात वर्ष-दीड वर्षात सोनखत तयार होतं.

विहिरीच्या काठचा उकिरडाही हलवाच. शेणामुताचं नायट्रेट पाण्यात उतरतं. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला धोका. असं पाणी उकळून उपयोग नाही, उलट आटल्यावर नायट्रेट दाट होतं.

विहीर स्वच्छ, तरी नळाला सुरुवातीला गढूळ, वासाचं पाणी येतं? मग पाईप बघा. बऱ्याच गावांत तो गटारातूनच गेलेला असतो. पाणी सोडणं बंद झालं की आतला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पारख सोपी आहे: ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन असेल तर थेंब टाकल्यावर पिवळा रंग येतो) टाकीपाशी करा, मग शेवटच्या घरातल्या नळाला करा. टाकीपाशी पिवळा रंग आला आणि शेवटच्या घरी नाही, तर बहुधा मधे कुठेतरी गळती आहे. जलसुरक्षकाला (गावाच्या पाण्याची तपासणी बघणाऱ्याला) सोबत घेऊन व्हॉल्व्हचे खड्डे उघडून बघा.

दोन्हीकडे रंग नाही? मग पावडर तपासा. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातलं क्लोरीन उडून जातं. चांगली पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम, बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळ तेवढी ओता, आणि अर्धा-एक तास थांबूनच पाणी सोडा.