तेहतीस दिवस त्याच जागी

आमच्याकडे कॅन्सरच्या रेडिएशनला रेडिएशन कोणी म्हणत नाही. 'शेक' म्हणतात, नाहीतर 'लाइट'. "बाबांचे किती लाइट झाले?" "अठरा. अजून पंधरा." नव्याने लागलेल्या मुलांना मी आधी हे दोन शब्द शिकवते. 'फ्रॅक्शन' (एका वेळचा डोस) म्हटलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि बाहेर जाऊन बाकावरच्या माणसाला विचारतो, काय म्हणाली ती?

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलात रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे, आठ वर्षं झाली. बारावी सायन्सनंतर रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीची बीएस्सी केली, मग इंटर्नशिप. घरच्यांना वाटलं होतं मी एक्स-रे काढणार. आईला अजूनही तसंच वाटतं. कॉलेज निवडताना एकच गोष्ट तपासा: तो अभ्यासक्रम अणुऊर्जा नियामक मंडळाच्या पात्रतेत बसतो का, आणि इंटर्नशिप चालत्या मशीनवर मिळते का. नुसती रंगीत पुस्तिका बघून फी भरलेली मुलं मी पाहिली आहेत. ज्यांना गणितात रस आहे त्यांच्यासाठी फिजिसिस्टची वाट वेगळी. त्याला फिजिक्सची एमएस्सी आणि त्यावर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा लागतो.

कामाची वाटणी साधी आहे. किती डोस आणि कुठे, हे डॉक्टर ठरवतात. तो तिथे कसा पोचवायचा याचं प्लॅनिंग फिजिसिस्ट करतात. पेशंटला रोज त्याच जागी, तसंच झोपवायचं काम आपलं. ऐकायला हमाली वाटते. घशाच्या कॅन्सरला बऱ्याचदा 66 ग्रे (ग्रे हे डोसचं माप) डोस 33 भागांत देतात, रोज 2 ग्रे, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे साडेसहा आठवडे. स्तनाच्या कॅन्सरला हल्ली 15 दिवसांतही भागतं. हाडात पसरून दुखत असेल तर कधी 8 ग्रेचा एकच शेक. मशीनवर बीम, म्हणजे किरणांचा झोत, चालू असतो जेमतेम काही मिनिटं. बाकीचा सगळा वेळ सेटअपचा. माणूस कालच्या जागेपासून अर्धा सेंटिमीटर सरकला तर डोस गाठीच्या कडेला कमी पडतो आणि शेजारच्या लाळग्रंथीला किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूला जास्त जातो.

डोक्यामानेच्या पेशंटचं डोकं हलू नये म्हणून लागणारा मास्क करणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. प्लॅस्टिकचा जाळीदार पत्रा सत्तरेक अंश तापलेल्या पाण्यात मऊ करायचा आणि चेहऱ्यावर ताणून बसवायचा. तो गार होईपर्यंत नाकाच्या दांड्यावर आणि हनुवटीवर बोटं दाबून ठेवायची. माणूस घाबरतो. पत्रा लावण्याआधी कोरड्या हाताने एकदा चेहरा दाबून दाखवा, "एवढंच वाटेल, फक्त गरम" म्हणून सांगा, आणि श्वास घेता येतो हे त्याला स्वतःच्या तोंडून म्हणू द्या. बीमच्या वेळी खोलीत तो एकटा असतो. "कॅमेऱ्यात दिसताय, काही वाटलं तर हात वर करा" हे रोज सांगायचं. तिसाव्या दिवशीसुद्धा.

आता एक गोष्ट, जी मला कोणी शिकवली नव्हती. एक तांडेल (मच्छीमार होडीचे प्रमुख) होते, जिभेच्या मुळाशी गाठ, तंबाखू-चुना चाळीस वर्षं. मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, होडी शाकारून ठेवलेली, त्यामुळे ट्रीटमेंटला वेळेवर यायचे. मास्क आषाढात केला, गुळगुळीत दाढीवर. दुसऱ्या आठवड्यात श्रावण लागला आणि काकांनी दाढी बंद केली. आधी मला कळलंच नाही. मास्कच्या खिट्ट्या लावताना जोर लागायला लागला, हनुवटी वर राहायला लागली. जागा जुळवायच्या लेझरच्या रेषा मास्कवरच्या खुणांशी जुळतात, कारण खुणा मास्कवर आहेत. आतला चेहरा मात्र सरकलेला. शेवटी मशीनवर एक्स-रे फोटो घेतला तेव्हा दिसलं. काका म्हणाले, "श्रावण मोडायचा?" वादात न पडता मी डॉक्टरांना बोलावलं. शेकाच्या कातडीवर वस्तरा तसाही चालत नाही, म्हणून ट्रिमरने बारीक करायचं ठरलं. काकांच्या हिशोबात ती दाढी काढणं नव्हे, त्यामुळे देवही राजी. तेव्हापासून आषाढात मास्क करताना दाढीचं विचारूनच घेते.

उलटंही होतं. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटतं, आमटीभातही झोंबतो, मग माणूस जेवण सोडतो. वजन उतरलं की तोच मास्क ढिला पडतो. गालाशी बोट आत जायला लागलं तर गप्प बसू नका. पुन्हा सीटी, कधी नवा मास्क, नवा प्लॅन. याने फिजिसिस्टचं काम वाढतं आणि ते वैतागतात. वैतागू द्या.

माझी स्वतःची चूक सांगते. नोकरीचा दुसरा महिना, दुसरं हॉस्पिटल. मानेखाली ठेवायच्या टेकूंना अक्षरं असतात. फाइलमध्ये 'सी' लिहिलं होतं, मी 'बी' ठेवला. दोन्ही एकाच रंगाचे, आणि बाहेर वीस पेशंट खोळंबलेले. मास्क बसला, लेझर जुळले. सुदैवाने त्या दिवशी शेकाआधीच्या फोटोची पाळी होती आणि मान सात मिलिमीटर वर आलेली दिसली. बीम दिला नव्हता. सीनिअर सरांनी आवाज चढवला नाही. टेकू उलटा करून अक्षर माझ्या डोळ्यांसमोर धरलं, एवढंच. आजही मी टेकू हातात घेतला की अक्षर मोठ्याने वाचते. नव्या मुलांना हसू येतं.

गर्भाशयमुखाच्या पेशंटचं वेगळंच. लघवीची पिशवी रोज सारखी भरलेली हवी, म्हणजे आतडी वर ढकलली जातात आणि शेकातून वाचतात. नियम सोपा: लघवीला जाऊन यायचं, अर्धा लिटर पाणी प्यायचं, पाऊण तास थांबायचं. पण आजी पहाटेच्या एसटीने दोन तास घाट उतरून येते. वाटेत कुठे जायची सोय नाही म्हणून आदल्या रात्रीपासून घोटभरही पाणी घेत नाही. असं कोरडं शरीर पाऊण तासात भरत नाही. मग थांबवा, परतीची गाडी चुकवा, आणि ऐका: "गो बाय, आज रिकामीच घे ना." घ्यायची नाही. अशा बायकांना आता आम्ही गाडीच्या वेळेवर नंबर देतो. आमच्या वेटिंगमधला कागद बघितलात तर डेपोचं वेळापत्रक वाटेल.

पोटाच्या आणि छातीच्या पेशंटच्या अंगावर पेनने खुणा असतात. त्यांना इथे दोन शत्रू: मे महिन्याचा घाम आणि खोबरेल तेल. कातडी लाल झाली की घरची माणसं प्रेमाने खोबरेल चोळतात आणि रेषा साफ. पहिल्या दिवशी नातेवाइकांना समोर बसवून सांगा. सुटी कापडं वापरायची, खुणांवर साबण नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही लावायचं नाही. आणि हेही सांगा की बाहेरून दिलेला शेक अंगात उरत नाही. नातवाला मांडीवर घेता येतं, ताटवाटी वेगळी करायची गरज नाही. हे विचारायला लोक लाजतात. वेगळं ताट करून टाकतात आणि म्हातारा माणूस ते मुकाट सोसतो.

गणपतीचं सांगायलाच हवं. वर्षातून एकदा सगळा विभाग हात जोडून उभा असतो. "पाच दिवस जाऊन येतो, मॅडम, मुंबईची माणसं येणार." डोक्यामानेच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी जोराने वाढू लागतात, त्यामुळे मधली सुट्टी महाग पडते. दिवस बुडाला तर शनिवारी भरून काढतात, किंवा एका दिवशी दोन शेक, मध्ये निदान सहा तास ठेवून. ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही इतकंच करा: ऑगस्ट सुरू झाला की कॅलेंडर समोर ठेवून प्रत्येकाला विचारा, गणपती दीड दिवसांचे की गौरीपर्यंत? आधी कळलं तर सकाळी आठचा नंबर देऊन माणूस आरतीला घरी पोचवता येतो. न विचारता गप्प बसलात तर तो न सांगता जातो.

मशीनबद्दल थोडंच. लिनॅकला, म्हणजे शेक देणाऱ्या मशीनला, दमटपणा सोसत नाही, एसी बंद पडला की जुलैत तो रुसतोच. बीम चालू असताना लाइट गेली तर घाबरू नका. डोसचे किती युनिट गेले (विजेचे नव्हे) ते लिहून ठेवा, राहिलेले फिजिसिस्टला विचारून द्या, अंदाजाने नाही. ('लाइट गेली' हे पेशंटसमोर जपून म्हणा, एका मावशींना वाटलं त्यांचा शेक वाया गेला.) जुन्या कोबाल्ट मशीनवर काम मिळालं तर नाक मुरडू नका. त्यातल्या कोबाल्टचं अर्धायुष्य (जोर निम्मा व्हायला लागणारा काळ) 5.27 वर्षं, म्हणजे दर महिन्याला जोर साधारण एक टक्क्याने उतरतो आणि तेवढी वेळ वाढते. डोस म्हणजे काय हे मला त्या हिशोबाने समजलं.

स्वतःचा टीएलडी बॅज (आपल्या अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा) छातीवर लावा, घरी जाताना ठरलेल्या जागी ठेवा. तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. आपली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेल्या किरणांचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात 30. नीट काम करणाऱ्याचा आकडा त्याच्या जवळपासही जात नाही. आमच्यातल्या एकाचा बॅज एप्रनसकट धोब्याकडे गेला होता, त्याचा खुलासा लिहिताना सगळ्यांची दुपार गेली. आणि दार बंद करण्याआधी खोलीत वळून बघा. खोलीत कोणी उरलं नाही हे सांगणारं आतलं बटण दाबायचं ते वळून बघितल्यावर, सवयीने नाही.

ते तांडेल काका अजून तपासणीला येतात. गेल्या खेपेला दाढी वाढलेली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "आता मास्क नाही ना गो?"