पावसात भिजलेली ई-सायकल हलत नाही? आधी ब्रेकची कट-ऑफ वायर सोडवा
ऐरोली-वाशीच्या पावसात भिजलेल्या स्वस्त ई-सायकलचा डिस्प्ले लागतो, पण मोटर फिरत नाही, तेव्हा लगेच कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) बदलू नका. मागचं चाक उचलून ठेवा आणि दोन्ही ब्रेक लिव्हरच्या कट-ऑफ वायरी (ब्रेक दाबताच मोटर बंद करणाऱ्या) कनेक्टरमधून सोडवा. लिव्हरमधला स्विच गंजून चिकटला, की कंट्रोलरला ब्रेक दाबलेलाच वाटतो. मोटर फिरली तर स्विच बदला, वायर कायमची काढून ठेवू नका.

नाही फिरली तर थ्रॉटल, म्हणजे वेगासाठी पिळायची मूठ, तपासा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. थ्रॉटलच्या लाल-काळ्या वायरीत साधारण ५ व्होल्ट हवेत. काळ्या आणि सिग्नलच्या (तिसऱ्या) वायरीत मूठ सोडलेली असताना ०.८च्या आसपास, पूर्ण पिळल्यावर साडेतीनच्या वर. ५ व्होल्ट येऊनही आकडा जागचा हलेना, तर थ्रॉटल गेला. कनेक्टरच्या पिना हिरवट दिसल्या तर बॅटरी काढूनच साफ करा.